व्हायरस गेला, तरी प्रोग्रॅम उघडत नाहीत: दुरुस्ती कुठून आणि कशी सुरू करायची

अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी केली, सापडलेल्या फाइली काढून टाकल्या आणि 'संगणक सुरक्षित आहे' असं सांगितलं. तुम्ही ब्राउझरच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं, तर विंडोज विचारतं, 'ही फाइल कशाने उघडू?' वर्ड उघडायला गेलात तर तोच प्रश्न. कॅल्क्युलेटरसुद्धा हटून बसतो. अशा वेळी बहुतेकांची समजूत होते की व्हायरस अजून आत आहे, आणि मग घाईघाईने सगळा संगणक फॉरमॅट केला जातो. त्यात वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रं गेलेली मी पाहिली आहेत, म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे. व्हायरस काढणं हे एक काम आहे आणि त्याने जाता जाता बिघडवलेल्या नोंदी सरळ करणं हे दुसरं. अँटिव्हायरस पहिलं काम बहुधा नीट करतो, दुसरं पुष्कळदा अर्धवट सोडतो.

हा लेख विंडोजबद्दल आहे, मुख्यतः १० आणि ११. सातवर असाल तर जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे. यातल्या आज्ञा आणि रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्जच्या नोंदी जिथे ठेवतं त्या कोठारातली) नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करायची.

आधी बिघाड कसा होतो ते समजून घ्या

तुम्ही आयकॉनवर डबल क्लिक करता तेव्हा विंडोज तो प्रोग्रॅम थेट सुरू करत नाही. आधी रजिस्ट्रीत बघतं की '.ईएक्सई' शेपटाची (शेपूट म्हणजे फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरं) फाइल कोणत्या प्रकारात मोडते. तिथे उत्तर असतं 'ईएक्सईफाइल'. मग त्या प्रकारासाठी कोणती आज्ञा लिहिली आहे ते बघतं. निरोगी संगणकात त्या आज्ञेचा अर्थ एवढाच असतो: जी फाइल दिली आहे तीच चालव.

ही माहिती दोन ठिकाणी असू शकते. एक सगळ्या संगणकासाठी आणि दुसरी फक्त सध्याच्या यूझरसाठी. दोन्हीकडे नोंद असेल तर यूझरची नोंद वरचढ ठरते. व्हायरस लिहिणाऱ्यांनी नेमकी हीच फट शोधली, कारण स्वतःच्या यूझरच्या भागात लिहायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागत नाही. २०१०-११च्या सुमारास खोट्या अँटिव्हायरसची जी लाट आली होती, त्यातल्या अनेकांनी हेच केलं. तिथे त्यांनी स्वतःचं नाव लिहून ठेवलं, म्हणजे कोणताही प्रोग्रॅम उघडायला गेलं की आधी व्हायरस चालू होणार आणि मग त्याच्या मर्जीने बाकीचं. पुढे अँटिव्हायरस व्हायरसची फाइल पुसतो, पण नोंद तशीच राहते. विंडोज प्रत्येक वेळी त्या नसलेल्या फाइलला शोधायला जातं आणि हात हलवत परत येतं. तुमचे प्रोग्रॅम त्यांच्या जागी शाबूत असतात, फक्त त्यांच्याकडे जाणारी वाट चुकीच्या दारात नेते.

पडद्यावर काय लिहून येतं ते वाचा

मला विचाराल तर हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि लोक नेमकी हीच गाळतात. संदेश आला की घाईने 'ओके' दाबून टाकतात. तसं करू नका. फोनने त्या संदेशाचा फोटो काढून ठेवा, कारण जखम कुठे आहे ते त्यातूनच कळतं.

प्रत्येक प्रोग्रॅमसाठी 'ओपन विथ'ची खिडकी येत असेल किंवा 'फाइल सापडत नाही' असं येत असेल, तर वर सांगितलेली '.ईएक्सई'ची नोंद बिघडली आहे.

बाकी सगळं चालतं, पण अँटिव्हायरस, टास्क मॅनेजर, रजिस्ट्री एडिटर असे मोजकेच प्रोग्रॅम उघडत नाहीत, क्लिक केलं तरी काहीच घडत नाही किंवा फाइल डोळ्यांसमोर असताना 'सापडत नाही' म्हणतं. इथे व्हायरसने त्या त्या प्रोग्रॅमच्या नावावर स्वतंत्र अडसर घातलेला असतो.

'अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे बंद केलं आहे' किंवा 'या संगणकावरील निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द झाली' असं येत असेल आणि संगणक तुमच्या स्वतःच्या घरचा असेल, तर धोरणाच्या (पॉलिसी), म्हणजे काय वापरू द्यायचं आणि काय नाही याच्या नोंदी बदलल्या आहेत. संगणक कार्यालयाचा असेल तर मात्र हे निर्बंध खरोखरच कार्यालयाने घातलेले असू शकतात. तिथे हात घालू नका, तिथल्या आयटी विभागाला कळवा.

डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन एकाच प्रोग्रॅममध्ये, समजा नोटपॅडमध्ये, उघडतात, पण प्रोग्रॅमच्या मूळ फोल्डरमध्ये जाऊन डबल क्लिक केलं तर तो नीट चालतो. हा बिघाड '.एलएनके' म्हणजे शॉर्टकटच्या नोंदीचा. हा पुष्कळदा व्हायरसमुळे होतही नाही, चुकून 'नेहमी यानेच उघडा' निवडल्यानेही होतो.

आणि शेवटचा, सगळ्यात वाईट प्रकार: 'ही वैध विन३२ अ‍ॅप्लिकेशन नाही' असा संदेश एकामागून एक प्रोग्रॅमसाठी येणं. एखाद्याच प्रोग्रॅमसाठी आला तर त्याची फाइल अर्धवट डाउनलोड झालेली असू शकते. पण कालपर्यंत चालणारे पाच-सहा प्रोग्रॅम आज असं म्हणत असतील, तर फाइलींच्या आतच फेरफार झालेला आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुरुस्तीला हात लावण्याआधी

वाय-फाय बंद करा किंवा नेटवर्कची केबल काढा. या संगणकावरून बँकेत किंवा ईमेलमध्ये लॉगिन करू नका.

मग बॅकअप. कागदपत्रं, फोटो, हिशेबाच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. प्रोग्रॅम, इन्स्टॉलर, '.ईएक्सई', '.एससीआर', '.बॅट' अशा शेपटांच्या फाइली अजिबात घेऊ नका. विंडोजमधून कॉपी करता येत नसेल तर दुसऱ्या संगणकावर उबंटूसारख्या लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा) बूट होणारा, म्हणजे ज्यावरून संगणक चालू करता येतो असा, पेन ड्राइव्ह तयार करा. तो लावून, इन्स्टॉल न करता, त्यातूनच फाइली उचलता येतात. विंडोजचा व्हायरस तिथे चालू होत नाही. फाइलींची नावं बदलली असतील, शेपटं अनोळखी झाली असतील आणि खंडणी मागणारी चिठ्ठी दिसत असेल, तर प्रकरण रॅन्समवेअरचं आहे आणि हा लेख त्यावरचा उपाय नाही. त्यासाठी 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ साली सुरू केलेला उपक्रम आहे. काही जातींसाठी तिथे कुलूप उघडणारी साधनं मोफत मिळतात.

लॅपटॉपवर बिटलॉकर (ड्राइव्हवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर पुढच्या पायऱ्यांत ४८ आकड्यांची रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या उपकरणावरून आधीच लिहून घ्या. की हाताशी नसताना पुढे गेलात तर अर्ध्या वाटेत अडकाल.

सेफ मोड आणि दोन सोप्या परीक्षा

सेफ मोडमध्ये विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टी घेऊन चालू होतं. तिथे जायला लॉगिनच्या पडद्यावर पॉवरच्या चिन्हावर क्लिक करा आणि शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडा. मग 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रीस्टार्ट'. यादी आली की ४ म्हणजे साधा सेफ मोड, ५ म्हणजे नेटवर्कसह आणि ६ म्हणजे कमांड प्रॉम्प्टसह (आज्ञा टाइप करायच्या खिडकीसह). विंडोज ७मध्ये संगणक चालू होताना एफ८ दाबत राहायचं. सेफ मोडमध्ये जाताना प्रत्येक वेळी निळा पडदा येऊन संगणक बंद पडत असेल तर ते लक्षात ठेवा. सॅलिटीसारखे व्हायरस सेफ मोडच्या नोंदीच पुसून टाकतात.

त्याच 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'सिस्टम रिस्टोअर'ही असतं. व्हायरस येण्याच्या आधीच्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट दिसत असेल तर तो आधी वापरून बघा. रजिस्ट्री त्या दिवसाच्या स्थितीत परत जाते आणि तुमची कागदपत्रं जागच्या जागी राहतात. मात्र डाउनलोड्समध्ये किंवा पेन ड्राइव्हवर पडलेली व्हायरसची फाइल याने जात नाही, त्यामुळे नंतरची तपासणी चुकवू नका. बरेच व्हायरस हे पॉइंट पुसून टाकतात. तसं झालं असेल तर पुढे चला.

दुसरी परीक्षा म्हणजे नवीन यूझर. सेटिंग्ज उघडत असेल, आणि ते बहुधा उघडतं कारण ते '.ईएक्सई'च्या नोंदीवर अवलंबून नसतं, तर 'अकाउंट्स'मध्ये जाऊन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हक्कांचं एक नवीन खातं तयार करा आणि त्यात लॉगिन करा. तिथे सगळे प्रोग्रॅम नीट उघडले, तर बिघाड फक्त तुमच्या जुन्या खात्याच्या नोंदींत आहे हे पक्कं झालं. रजिस्ट्रीत हात घालायची भीती वाटत असेल तर इथेच थांबायलाही हरकत नाही. नव्या खात्यातून पूर्ण तपासणी करून घ्या, जुन्या खात्यातल्या फाइली इकडे आणा आणि हेच खातं वापरा. अनेकांसाठी हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे आणि मी तो मनापासून सुचवतो.

तपासणी करायची, पण तपासणारा प्रोग्रॅमच उघडत नाही

इथे गाठ पडते. नोंद सरळ केल्याशिवाय स्कॅनर उघडत नाही, आणि व्हायरस जिवंत असताना नोंद सरळ केली तर तो ती पुन्हा वाकडी करतो. म्हणून आधी तात्पुरती वाट काढायची, मग सफाई आणि मग पक्की दुरुस्ती. हा क्रम मोडू नका.

तात्पुरत्या वाटा तीन. पहिली, प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. व्हायरसने नुसती 'उघडा' ही आज्ञा बिघडवली असेल तर कधी कधी ही वाट मोकळी राहिलेली असते. दुसरी, शेपूट बदलणं. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून शेपटं दिसतील असं करा आणि स्कॅनरच्या फाइलचं '.ईएक्सई' बदलून '.कॉम' करा. '.कॉम'ची नोंद वेगळी असते आणि विंडोज फाइल चालवताना शेपटापेक्षा तिच्या आतल्या रचनेकडे बघतं, त्यामुळे ती चालते. तिसरी वाट म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. तिथे प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता टाइप केला तर बरेचसे प्रोग्रॅम ती नोंद न विचारता थेट सुरू होतात.

व्हायरसची प्रक्रिया अजून चालू असल्याचा संशय असेल तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'डिटेल्स'मध्ये अर्थहीन अक्षरांची नावं शोधा, राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. 'अ‍ॅपडेटा' किंवा 'टेम्प'मधून चालणारी आणि तुम्हाला न आठवणारी गोष्ट संशयास्पद समजा, पण 'अ‍ॅपडेटा'तून काही चांगले प्रोग्रॅमही चालतात, म्हणून नाव शोधून खात्री करा. आरकिल नावाचं छोटं साधन अशा प्रक्रिया थांबवतं आणि ते वेगवेगळ्या नावांनी व शेपटांनी मिळतं ते याच अडचणीसाठी. ते चालवल्यावर संगणक रीस्टार्ट करू नका, लगेच तपासणी सुरू करा. ते फक्त प्रक्रिया थांबवतं, फाइल पुसत नाही, आणि रीस्टार्ट केलं की व्हायरस परत उठतो.

तपासणीसाठी माझी पहिली पसंती मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या ऑफलाइन स्कॅनला. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथे 'स्कॅन ऑप्शन्स'. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण उठण्याआधीच, साधारण पंधरा मिनिटांत, तपासणी होते. व्हायरसला स्वतःचा बचाव करायला तेव्हा संधीच नसते. त्यानंतर दुसऱ्या कंपनीचं एखादं साधन चालवा. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर वापरणार असाल तर ताजा डाउनलोड करा, तो दहा दिवसांनी कालबाह्य होतो. डाउनलोड निरोगी संगणकावर, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा.

आता पक्की दुरुस्ती

दोन तपासण्या कोऱ्या आल्या की रजिस्ट्रीकडे वळा. रजिस्ट्री एडिटरमध्ये काहीही पुसण्याआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'एक्सपोर्ट' करा. चूक झाली तर ती फाइल वाचवेल.

'.ईएक्सई'च्या बिघाडासाठी एचकी (एच, के, ई, वाय) करंट यूझर → सॉफ्टवेअर → क्लासेस इथे जा. आत '.ईएक्सई' आणि 'ईएक्सईफाइल' असे फोल्डर दिसले तर ते काढून टाका. निरोगी संगणकात सहसा हे इथे नसतातच, त्यामुळे काढल्याने काही बिघडत नाही. एडिटर उघडतच नसेल तर सेफ मोडच्या ६ क्रमांकाच्या पर्यायाने कमांड प्रॉम्प्ट मिळवा आणि या दोन ओळी एकामागून एक टाइप करा:

रेग डिलीट एचकेसीयू\सॉफ्टवेअर\क्लासेस\.ईएक्सई /एफ
रेग डिलीट एचकेसीयू\सॉफ्टवेअर\क्लासेस\ईएक्सईफाइल /एफ

एचकेसीयू ही चार सुटी अक्षरं आहेत: एच, के, सी, यू. 'नोंद सापडली नाही' असं उत्तर आलं तर घाबरू नका, ती तिथे नव्हतीच.

त्यानंतर सगळ्या संगणकाची नोंद तपासा. एचकी क्लासेस रूट → .ईएक्सई इथे 'डिफॉल्ट'ची किंमत (व्हॅल्यू, म्हणजे तिथे लिहिलेला मजकूर) 'ईएक्सईफाइल' हवी. मग ईएक्सईफाइल → शेल → ओपन → कमांड. तिथे नेमकं हे हवं: दुहेरी अवतरणचिन्ह, टक्क्याचं चिन्ह, एकचा आकडा, दुहेरी अवतरणचिन्ह, एक मोकळी जागा, टक्क्याचं चिन्ह, तारा. बस. त्याच्या आधी किंवा मध्ये कोणत्याही फाइलचा पत्ता असेल तर तोच उपटसुंभ, तो काढा. अवतरणचिन्हं सरळ हवीत. कुठून तरी कॉपी केलेली वाकडी अवतरणचिन्हं इथे चालत नाहीत.

मोजकेच प्रोग्रॅम अडले असतील तर एचकी लोकल मशीन → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज एनटी → करंट व्हर्जन → इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स. इथे प्रोग्रॅमच्या नावांचे बरेच फोल्डर असतात आणि त्यातले पुष्कळसे रास्त असतात. अख्खी शाखा पुसू नका. अडलेल्या प्रोग्रॅमच्या नावाचा फोल्डर उघडा आणि आत 'डीबगर' नावाची किंमत असेल तर फक्त तेवढी काढा. ही सोय प्रोग्रॅमरांसाठी आहे, अमुक प्रोग्रॅम उघडला की त्याऐवजी डीबगर (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं साधन) चालू व्हावा म्हणून. व्हायरस तिथे भलत्याच फाइलचं नाव लिहितो आणि अँटिव्हायरस कधीच उघडत नाही.

निर्बंधांच्या नोंदी एचकी करंट यूझर → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → करंट व्हर्जन → पॉलिसीज इथे असतात. 'सिस्टम'मधल्या 'डिसेबल टास्क एमजीआर' आणि 'डिसेबल रजिस्ट्री टूल्स', 'एक्सप्लोरर'मधल्या 'डिसअलाऊ रन' आणि 'रिस्ट्रिक्ट रन' या काढायच्या. रजिस्ट्री एडिटरच बंद केलेला असेल तर वरची 'रेग' आज्ञाही चालत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटरमधून तो निर्बंध उठवता येतो. होम आवृत्तीत मी तरी नव्या यूझरचाच रस्ता धरतो.

शॉर्टकटचा बिघाड असेल तर त्याच करंट व्हर्जनखाली एक्सप्लोरर → फाइल एक्स्ट्स → .एलएनके, आणि आतला 'यूझर चॉइस' फोल्डर काढा. लॉगआउट करून परत या.

लॉगिननंतर नुसता काळा पडदा येत असेल, टास्कबार नसेल, तर विंडोज एनटी → करंट व्हर्जन → विनलॉगऑन, लोकल मशीनखाली. 'शेल'मध्ये फक्त 'एक्सप्लोरर.ईएक्सई' हवं.

एवढं सगळं हाताने शोधणं जड वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे मोफत साधन आहे. त्यातल्या 'इमेज हायजॅक्स' या टॅबमध्ये '.ईएक्सई'ची नोंद आणि डीबगरचे अडसर दोन्ही एकत्र दिसतात. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल नाही. व्हायरस गेल्यानंतर मागे उरलेला कचरा बहुधा याच रंगात दिसतो. आधी ओळीसमोरची टिक काढा, रीस्टार्ट करा, सगळं ठीक चाललं तर मगच ती पुसा.

शेवटी विंडोजच्या स्वतःच्या फाइली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी 'डिझ्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' आणि ती संपल्यावर 'एसएफसी /स्कॅननाऊ'. 'डिझ्म'ची अक्षरं डी, आय, एस, एम. पहिल्या आज्ञेला बहुधा इंटरनेट लागतं. ती बराच वेळ एकाच टक्क्यावर अडल्यासारखी दिसते, तेव्हा धीर धरा, मध्येच बंद करू नका.

दुरुस्ती सोडून द्यायची वेळ

फाइलींच्या आत शिरणारे व्हायरस, म्हणजे सॅलिटी, विरुट, रॅमनिट यांच्या जातीचे, संगणकातल्या शेकडो '.ईएक्सई' फाइलींना स्वतःचा तुकडा जोडतात. तपासणीत यांपैकी एखादं नाव आलं आणि बाधित फाइलींची यादी संपता संपत नसेल, तर वर लिहिलेलं काहीही करत बसू नका. साफ केलेल्या फाइलीही पुष्कळदा पूर्ववत होत नाहीत, आणि एक बाधित फाइल राहिली तरी सगळं पुन्हा सुरू होतं. इथे विंडोज नव्याने टाकणं हाच उपाय. निरोगी संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा, त्यातून बूट करा आणि जुनी पार्टिशनं पुसून टाका. नुसती सी ड्राइव्ह पुसून डी तशीच ठेवली आणि डीवर जुने इन्स्टॉलर पडलेले असतील, तर तिथून व्हायरस परत येतो. 'रीसेट धिस पीसी'मधला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय नोंदींच्या बिघाडासाठी चांगला आहे, या प्रकारासाठी नाही.

विंडोज ७चा आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची अपडेट) जानेवारी २०२०मध्ये आणि १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्याने टाकायचंच असेल तर संगणकाला पेलत असल्यास ११ टाका.

दुरुस्त झाल्यावर लगेच

संगणक दोनदा रीस्टार्ट करा आणि त्याच नोंदी पुन्हा उघडून बघा. काढलेला '.ईएक्सई' फोल्डर किंवा डीबगर परत आला असेल तर व्हायरस जिवंत आहे. अशा वेळी तपासणीच्या पायरीवर परत जा, या वेळी बाहेरून बूट होणाऱ्या रेस्क्यू डिस्कने. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा, कारण बाकीच्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्या ईमेलमध्येच असतात.

आणि त्या काळात या संगणकाला लागलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह गोळा करा, घरातल्या इतरांकडे गेलेलेही. लावल्यावर लगेच उघडू नका, आधी राइट क्लिक करून तपासणी करा. फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर त्यांवर क्लिक करू नका. खरे फोल्डर तिथेच लपवलेले असतात. पेन ड्राइव्हच्या अक्षरावर कमांड प्रॉम्प्टमध्ये जाऊन 'अ‍ॅट्रिब -एच -आर -एस /एस /डी' दिलं की ते दिसू लागतात. मग शॉर्टकट पुसा, फाइली काढून घ्या आणि ड्राइव्ह फॉरमॅट करा. बॅकअप घेतलेला ड्राइव्हही याच तपासणीतून गेल्याशिवाय दुरुस्त झालेल्या संगणकाला लावू नका.